रांग आधी आपल्या राऊटरमध्ये आणा, प्राधान्य नंतर ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. केबल लावून मोजल्यास डाउनलोड सुमारे ९१ आणि अपलोड सुमारे ४४ मिळते. दोघांच्या ऑनलाइन बैठका, मुलाचा ऑनलाइन खेळ, तीन सीसीटीव्ही कॅमेरे आणि लग्नसमारंभांची छायाचित्रे काढण्याच्या भावाच्या व्यवसायापायी एका डेस्कटॉपवरून रोज संध्याकाळी क्लाउडवर चढणारे अल्बम, एवढा सगळा भार एकाच राऊटरवर आहे. राऊटरच्या क्यूओएस, म्हणजे वाहतुकीला प्राधान्य देण्याच्या, पानावर दोन्ही चौकटींत १०० भरले, बैठकीच्या लॅपटॉपला 'हायेस्ट' दिले, तरी संध्याकाळी आवाज तुटतोच. उलट डाउनलोड ९१ वरून ६० वर आले. पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, एरवी ९ मिलिसेकंद असतो, अल्बम चढत असताना तो ३४० पर्यंत जातो. तर प्राधान्य नेमके कसे द्यावे?

तुमच्या प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. ९ आणि ३४० या दोन आकड्यांमधील फरक ३३१ मिलिसेकंदांचा आहे. ४४ एमबीपीएसच्या वेगाने ३३१ मिलिसेकंदांत जेवढी माहिती जाते तेवढी, म्हणजे सुमारे १८ लाख बाइट, कुठेतरी साठून उभी आहे. माहिती पॅकेटांत, म्हणजे छोट्या तुकड्यांत, जाते; पूर्ण आकाराचे पॅकेट १,५०० बाइटचे धरले तर ही जवळजवळ १,२०० पॅकेटची रांग झाली, आणि तुमच्या आवाजाचे प्रत्येक छोटे पॅकेट या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहते. ही रांग तुमच्या राऊटरमध्ये नाही. ती सेवादात्याने भिंतीवर बसवलेल्या फायबरच्या डबीत, म्हणजे ओएनटीमध्ये आहे. राऊटरपासून त्या डबीपर्यंतची केबल डबीतून बाहेर पडणाऱ्या ४४ पेक्षा कितीतरी जास्त वेगाने वाहते, त्यामुळे राऊटर मिळेल ते पॅकेट लगेच पुढे ढकलतो आणि त्याच्याकडे कधीच दोन पॅकेट एकमेकांसाठी थांबत नाहीत. जिथे कोणी थांबतच नाही तिथे कोणाला आधी सोडायचे हा प्रश्नही उद्भवत नाही. सोसायटीच्या दारावरचा रखवालदार रुग्णवाहिकेला कितीही तत्परतेने आधी सोडू दे; कोंडी पुढच्या रेल्वे फाटकावर असेल तर त्या सौजन्याचा रुग्णाला काडीचाही उपयोग होत नाही. चौकटींत १०० भरून तुम्ही राऊटरला हेच सांगितले की १०० पर्यंत रांग लावू नकोस. अपलोड ४४ च्या वर जाणारच नाही, म्हणून तुमचा 'हायेस्ट' एकदाही कामाला आला नाही.

डाउनलोड ६० वर येण्याचे कारण वेगळे आहे. बहुतेक घरगुती राऊटर एरवी पॅकेट पुढे पाठवण्याचे काम चिपमधील खास सर्किटांवर सोपवतात आणि मुख्य प्रोसेसर जवळपास निवांत असतो. क्यूओएस चालू केले की प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातून जाऊ लागते, आणि स्वस्त राऊटरमधील प्रोसेसरची धाव तिथे संपते. जे राऊटर क्यूओएस चालू असतानाही वेग अजिबात कमी होऊ देत नाहीत, त्यांच्याबद्दल मला उलट जास्त शंका येते. अनेकदा तिथे पॅकेट प्रोसेसरला टाळणाऱ्या त्या आडवाटेनेच जात असतात आणि क्यूओएसचे पान केवळ शोभेचे असते. ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरवर बसवता येणाऱ्या मुक्त प्रणालीत या आडवाटेला फ्लो ऑफलोडिंग म्हणतात आणि मिक्रोटिक कंपनीच्या राऊटरॉस प्रणालीत फास्टट्रॅक म्हणतात. यांपैकी जे असेल ते क्यूओएससाठी बंद करावे लागते, आणि त्यानंतर उरणारा वेग हाच तुमच्या राऊटरचा खरा वेग समजावा.

आता उपायाकडे वळू. रांग स्वतःच्या राऊटरमध्ये आणण्याचा मार्ग एकच आहे: राऊटरने बाहेर पाठवण्याचा वेग जोडणीच्या खऱ्या वेगापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवायचा, म्हणजे डबीतील रांग रिकामी राहते आणि थांबण्याची जागा आपल्या हाताखाली येते. याला शेपिंग म्हणतात, आणि प्राधान्याचे बाकी सगळे शास्त्र त्याच्यावर उभे आहे. थोडा वेग सोडून द्यावा लागतो ही गोष्ट लोकांना फार खटकते. विकत घेतलेल्या १०० पैकी १० स्वतःहून का सोडायचे, असा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. संध्याकाळच्या पहिल्या न तुटलेल्या बैठकीनंतर तो पुन्हा कोणी विचारत नाही.

रांग ताब्यात आल्यावर ती कशी चालवायची हा पुढचा भाग, आणि इथेच बहुतेक मार्गदर्शन चुकते असे माझे मत आहे, कारण ते थेट प्राधान्याच्या पायऱ्यांवर उडी मारते. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या एडीएसएलच्या काळात अपलोड १ एमबीपीएसच्या आत असे. त्या वेगाने १,५०० बाइटचे एक पॅकेट तारेवर चढवायलाच १२ मिलिसेकंद लागत, म्हणून आवाजाचे पॅकेट एका मोठ्या पॅकेटच्या मागे अडकणेही महागात पडे आणि कडक प्राधान्याला अर्थ होता. ४४ एमबीपीएसवर तेच पॅकेट सुमारे ०.२७ मिलिसेकंदात जाते. म्हणजे रांगेत १,२०० ऐवजी दहाच पॅकेट उभी राहतील अशी व्यवस्था केली, तर आवाजाचे पॅकेट अगदी शेवटी उभे राहिले तरी तीन मिलिसेकंदांच्या आत सुटते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीत एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक संभाषणांना चालण्याजोगा मानला आहे. त्या मानाने हे तीन मिलिसेकंद नगण्य आहेत. तुमचा बहुतांश त्रास रांगेच्या लांबीचा आहे, रांगेतील क्रमाचा नव्हे.

लांबी आटोक्यात ठेवणाऱ्या पद्धती गेल्या पंधराएक वर्षांत परिपक्व झाल्या. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर हाच त्रास तपासला आणि त्याला 'बफरब्लोट', म्हणजे साठवणीची सूज, हे नाव रूढ झाले. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. रांगेत किती पॅकेट आहेत हे मोजण्याऐवजी प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले हे ती पाहते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत थांबण्याचा वेळ एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आला नाही, तर ती निवडक पॅकेट टाकून देऊ लागते आणि पाठवणारा संगणक त्यावरून आपला वेग कमी करतो. तिला प्रत्येक प्रवाहासाठी वेगळ्या रांगेची जोड दिली की एफक्यू-कोडेल तयार होते, आणि त्यात शेपर, यंत्रानिहाय वाटणी व प्राधान्याचे वर्ग एकत्र केले की केक. केक २०१८ मध्ये लिनक्स कर्नलच्या ४.१९ आवृत्तीत दाखल झाला. वेगळ्या रांगांचा एक सुंदर परिणाम असा की दर २० मिलिसेकंदांनी एखादेच छोटे पॅकेट पाठवणारा आवाजाचा प्रवाह स्वतःची रांग कधी भरतच नाही, आणि अशा विरळ प्रवाहांना ही पद्धत आपण न सांगताच आधी सोडते. ज्या प्राधान्यासाठी लोक रात्री जागून नियम लिहितात, ते इथे फुकटात मिळते.

तुमच्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी चालत असेल, किंवा चालणारा राऊटर घेण्याची तयारी असेल, तर एसक्यूएम हे रांगेच्या व्यवस्थेचे पॅकेज आणि त्याचे लुसी पान, म्हणजे ब्राउझरमधील सेटिंगचे पान, बसवा. आधी एक गोष्ट तपासा: घरातील प्रत्येक यंत्र याच राऊटरच्या मागे आहे ना? सेवादात्याच्या डबीचे स्वतःचे वायफाय चालू असते, टीव्ही किंवा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर तिच्याच पोर्टला जोडलेला असतो, आणि मग तो भार आपल्या शेपरला वळसा घालून जातो. डबी ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे तिचे राऊटरचे काम बंद करून, पीपीपीओई, म्हणजे सेवादात्याकडचे लॉगिन, आपल्या राऊटरवरून जोडणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर निदान डबीचे वायफाय बंद करून सगळे एका छताखाली आणावे. पीपीपीओई असल्यास एसक्यूएममध्ये पीपीपीओईचा इंटरफेस निवडावा.

वेगाच्या चौकटी केबीपीएसमध्ये असतात, एमबीपीएसमध्ये नव्हे. डाउनलोडच्या चौकटीत ७७ लिहून 'इंटरनेट बंद पडले' असा फोन करणारे मला वर्षातून दोन-तीन तरी भेटतात. मोजलेल्या वेगाच्या साधारण ८५ टक्क्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे तुमच्या बाबतीत डाउनलोड ७७००० आणि अपलोड ३७०००. मोजणी केबलवर आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास करावी, कारण घरगुती फायबरच्या जीपीओएन पद्धतीत एका शाखेचे २.४८८ गिगाबिट डाउनलोड आणि १.२४४ गिगाबिट अपलोड अनेक घरांत वाटले जाते आणि सकाळी अकराचा आकडा रात्री खरा राहीलच असे नाही. रांगेच्या पद्धतीत केक निवडावा आणि स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला पीस ऑफ केक, म्हणजे एकही प्राधान्य नसलेली साधी व्यवस्था, ठेवावी. लिंक लेयरच्या पानावर इथरनेट निवडून प्रत्येक पॅकेटवरचा जादा भार ४४ बाइट धरावा. प्रत्यक्षात तो बहुधा त्याहून कमी असेल, पण इथे जास्त धरण्याने वेग किंचित घटतो, तर कमी धरण्याने छोट्या पॅकेटची गर्दी झाली की रांग गुपचूप पुन्हा डबीत जाऊन बसते.

यानंतर एका लॅपटॉपवर अखंड पिंग लावून दुसरीकडे अल्बम चढवायला घ्या. पिंग ९ वरून १२-१५ च्या आसपास राहिला, तर अपलोडचा आकडा हजार-दोन हजारांनी वाढवत जा; ज्या आकड्यावर पिंग उसळू लागेल त्याच्या एक पायरी खाली थांबा. मग हीच कृती डाउनलोडसाठी करा. डाउनलोडची गोष्ट थोडी अवघड आहे, हे इथेच सांगितलेले बरे. येणाऱ्या पॅकेटची रांग सेवादात्याच्या बाजूला लागते आणि ती आपल्याला थेट हाताळता येत नाही. आपण फक्त पोहोचलेली पॅकेट उशिरा सोडून किंवा टाकून पाठवणाऱ्याला 'सावकाश' असा निरोप देऊ शकतो, आणि तो निरोप पोहोचेपर्यंत काही पॅकेट येऊन गेलेली असतात. म्हणून डाउनलोडला अपलोडपेक्षा जास्त मोकळीक ठेवावी लागते. अपलोडला ९५ टक्क्यांपर्यंत जाणारी घरे मी पाहिली आहेत, पण डाउनलोडला ९० च्या पुढे मी सहसा जात नाही.

यानंतरची पायरी माझ्या मते प्राधान्याहून जास्त महत्त्वाची आहे, आणि ती म्हणजे वाटणी. केकला मुळात राऊटरच्या मागची यंत्रे वेगवेगळी दिसत नाहीत. त्यामुळे अल्बम चढवणारे सॉफ्टवेअर एकाच वेळी वीस जोडण्या उघडत असेल तर त्याला वीसपर्यंत वाटे मिळू शकतात आणि तुमच्या बैठकीच्या वाट्याला एकच येतो. ही वाटणी आधी यंत्रांमध्ये आणि मग यंत्राच्या आत प्रवाहांमध्ये करण्यासाठी एसक्यूएमच्या प्रगत पर्यायांत, 'धोकादायक' असे भीतीदायक नाव असलेली खूण केल्यावर उघडणाऱ्या दोन ओळींत, बाहेर जाणाऱ्या दिशेला 'नॅट' आणि 'ड्युअल-एसआरसीहोस्ट' आणि आत येणाऱ्या दिशेला 'नॅट' आणि 'ड्युअल-डीएसटीहोस्ट' हे शब्द, अर्थातच रोमन लिपीत, लिहावे. 'नॅट' म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणारी राऊटरची सोय; हा शब्द विसरला तर बाहेर जाणारे सगळे पॅकेट केकला एकाच पत्त्यावरून निघाल्यासारखे दिसतात आणि यंत्रानिहाय वाटणी होतच नाही. हे झाले की ३७ एमबीपीएसच्या अपलोडमध्ये तीन कॅमेरे, डेस्कटॉप, दोन लॅपटॉप आणि खेळाचा संगणक अशा सात यंत्रांनी एकाच वेळी हात पसरले तरी प्रत्येकाचा हक्काचा वाटा पाच एमबीपीएसच्या वर राहतो. एचडी व्हिडिओ कॉलला साधारण दोन ते चार लागतात, आणि जे यंत्र आपला वाटा पूर्ण वापरत नाही त्याचा उरलेला भाग इतरांना आपोआप मिळतो.

दहापैकी आठ घरांत मी इथेच थांबतो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या कार्यालयात आठ आयपी फोन आणि बैठकांसाठी मी दोन दिवस बसून पोर्टनिहाय चाळीसेक नियम लिहिले होते. काही महिन्यांनी बैठकीच्या सॉफ्टवेअरने आपले पोर्ट बदलले, अर्धे नियम निरुपयोगी झाले, आणि ते शोधत बसण्यापेक्षा सगळे पुसून फक्त शेपर ठेवला तर कोणाला फरक जाणवला नाही. आज तर वेबपाने आणणाऱ्या एचटीटीपीची तिसरी आवृत्ती क्विकवरून, म्हणजे यूडीपीच्या ४४३ पोर्टवरून, धावते. त्यामुळे यूडीपी म्हणजे बैठक किंवा खेळ आणि टीसीपी म्हणजे डाउनलोड ही जुनी ओळख कामाची राहिलेली नाही.

तरीही तुमच्या घरात एक वर्गीकरण करण्यासारखे आहे, आणि ते कोणाला वर चढवण्याचे नसून डेस्कटॉपला खाली बसवण्याचे आहे. अल्बम रात्री दहाला पोहोचला काय आणि साडेदहाला काय, भावाला फरक पडत नाही. डीएचसीपीमध्ये, म्हणजे राऊटर यंत्रांना पत्ते वाटतो त्या पानावर, डेस्कटॉपला कायमचा पत्ता द्या, फायरवॉलच्या ट्रॅफिक रूल्समध्ये त्या पत्त्यावरून बाहेर जाणाऱ्या पॅकेटसाठी डीएससीपी वर्गीकरण ही कृती निवडून सीएस१ ही खूण लावा, आणि एसक्यूएमची स्क्रिप्ट लेयर केक, म्हणजे प्राधान्याचे वर्ग असलेली, करा. डीएससीपी ही पॅकेटच्या शीर्षातील सहा बिटांची खूण असते. सीएस१ म्हणजे ८, तर आवाजासाठीची ईएफ म्हणजे ४६. केक सीएस१ ची पॅकेट बल्क, म्हणजे सर्वांत खालच्या, वर्गात टाकतो. जोडणी मोकळी असेल तर बल्कला सगळा वेग मिळतो, पण इतरांची मागणी भरगच्च असेल तर त्याचा हक्क केवळ ६.२५ टक्क्यांचा, म्हणजे ३७ पैकी सुमारे २.३ एमबीपीएसचा उरतो. याच कारणासाठी कॅमेऱ्यांना मात्र बल्कमध्ये टाकू नका, जरी पहिल्या विचारात ते तसेच पात्र वाटतात. प्रत्येकी दोन धरले तरी तीन कॅमेऱ्यांना सतत सहा एमबीपीएस लागतात, त्यांचा प्रवाह थांबून नंतर भरून निघत नाही, आणि नेमक्या हव्या त्या मिनिटाचे चित्रण गायब असल्याचे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

लॅपटॉपला वरच्या वर्गात नेण्याचा मोह होईलच, म्हणून त्याची मर्यादाही सांगतो. केकच्या व्हॉइस वर्गाला प्राधान्य मिळते ते एकूण वेगाच्या २५ टक्क्यांपर्यंतच. त्याहून जास्त भार त्यात ओतला की तो वर्ग आपली जागा गमावतो. लॅपटॉपच्या संपूर्ण वाहतुकीला ईएफ लावले, तर त्यावर आलेले विंडोजचे अपडेटही मानकरी ठरते, आणि तुमच्या 'हायेस्ट'मध्येही हाच दोष होता. फक्त आवाजाला खूण लावायची असेल तर ती सॉफ्टवेअरनेच लावलेली बरी. मायक्रोसॉफ्ट टीम्ससाठी आवाजाला ४६ आणि व्हिडिओला ३४ अशी मूल्ये ठरलेली आहेत, पण विंडोजवर ती सहसा ग्रुप पॉलिसीतून लागू करावी लागतात. शिवाय अशी खूण इंटरनेटवरून परत येताना बहुधा पुसली गेलेली असते, आणि ओपनडब्ल्यूआरटीत येणारी पॅकेट फायरवॉलच्या नियमांपर्यंत पोहोचण्याआधीच शेपरकडे वळवली जात असल्यामुळे डाउनलोडच्या दिशेने साध्या नियमांनी खूण लावताही येत नाही. तुमचा त्रास अपलोडचा असल्याने तुम्ही त्या फंदात पडू नये.

हे सगळे करूनही आवाज तुटला तर संशय वायफायवर घ्या. अखंड पिंग आता राऊटरच्याच पत्त्यावर लावा. घरातल्या घरात तो ५० किंवा १०० मिलिसेकंदांवर उडत असेल तर इंटरनेटच्या रांगेशी त्याचा संबंध नाही, आणि लॅपटॉप पाच गिगाहर्ट्झवर आणणे किंवा सरळ केबल ओढणे हाच उपाय आहे. वायफायमध्ये आवाज, व्हिडिओ, साधी आणि दुय्यम वाहतूक असे चार वर्ग असलेली डब्ल्यूएमएम नावाची स्वतंत्र व्यवस्था असते. वेग वाढतो अशा समजुतीने काही जण ती बंद करतात, पण ८०२.११एन आणि त्यापुढच्या वायफाय पद्धतींना ती लागतेच, त्यामुळे बंद केल्यास जोडणी ५४ एमबीपीएसच्या जुन्या पातळीवर घसरते.

राऊटर बदलणे तूर्त शक्य नसेल तर सध्याच्याच पानावर अपलोडची चौकट ४४ च्या खाली, ३७ वर आणून बघा. काही राऊटरमध्ये तेवढ्यानेही बराच फरक पडतो. यंत्रनिहाय मर्यादेची सोय असेल तर डेस्कटॉपचे अपलोड २० वर बांधा, आणि तीही नसेल तर अल्बम चढवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच वेगाची मर्यादा शोधा, ती बहुतेकांत असते. जोडणी फायबरऐवजी चौथ्या किंवा पाचव्या पिढीच्या मोबाइल राऊटरवर असती तर मी वेगळे उत्तर दिले असते, कारण तिथे खरा वेग तासातासाला बदलतो आणि एकच आकडा लिहून भागत नाही. त्यासाठी केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट विलंब पाहून शेपरचा आकडा सतत वर-खाली करत राहते.

एक कागद राऊटरला चिकटवून त्यावर भरलेले दोन आकडे आणि तारीख लिहून ठेवा. वर्षभराने तुम्ही २०० एमबीपीएसची योजना घ्याल, वेग ७७ च्या पुढे सरकत नाही म्हणून सेवादात्याशी भांडाल, त्यांचा माणूस डबीला थेट लॅपटॉप लावून पूर्ण वेग दाखवील आणि राऊटर खराब असल्याचे सांगून जाईल. अशा वेळी नवा राऊटर मागवण्याआधी तो कागद पाहावा.